मास्टर्स मीटमध्ये ८०० आणि १५०० लावताय? मग हे आधी वाचा

मास्टर्स म्हणजे मोठ्यांच्या हौशी स्विमिंग मीट पहिल्यांदाच भरवणारे लोक भेटले की एक प्रश्न हमखास येतो, ४०० ठीक आहे पण ८०० आणि १५०० मीटरच्या रेस कार्यक्रमात ठेवायच्या का, फार वेळ खातात हो. खातातच. म्हणून बरेच जण सरळ काढून टाकतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण पस्तिशी चाळिशीनंतर पोहायला लागलेल्या कितीतरी जणांची खरी रेस हीच असते. त्यांच्याकडे ५० मीटरचा स्पीड नसतो, डाइव्हही बेताची असते, पण अर्धा तास एका लयीत पोहत राहायचं त्यांनी वर्षभर सकाळी उठून कमावलेलं असतं आणि ते दाखवायला दुसरी जागा नसते. मी आधी नुसती टायमर म्हणून उभी राहायचे, मग लॅप मोजायला लागले, आता गेली काही वर्षं लांब रेसचं सगळं बघते, त्यातून जे कळलं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एका हीटला, म्हणजे एकाच वेळी पाण्यात उतरणाऱ्या गटाला, किती वेळ लागणार हे पहिला येणारा ठरवत नाही, शेवटचा येणारा ठरवतो. हे वाचायला सोपं वाटतं, पण नवीन माणूस वेळापत्रक करताना सरासरी धरतो आणि दुपारपर्यंत दीड तास मागे पडतो.

हिशोब करून बघा. पूल ८ लेनचा, १५०० ला ६४ जण. एका लेनमध्ये एक असं धरलं तर ८ हीट. प्रत्येक हीटच्या शेवटच्या माणसाचा वेळ समजा ४२, ३७, ३४, ३१, २८, २६, २४ आणि २१ मिनिटं, बेरीज २४३ मिनिटं, मध्ये लोक चढायला उतरायला तीन तीन मिनिटं धरली की जवळपास साडेचार तास. आता तेच ६४ जण एका लेनमध्ये दोन असे घेतले तर चारच हीट, ४२, ३४, २८ आणि २४, म्हणजे १२८ मिनिटं, इथे बदलायला पाच पाच मिनिटं दिली तरी अडीच तासांच्या आत आटोपतं. मास्टर्सच्या नियमात ४००, ८०० आणि १५०० फ्रीस्टाइलला एका लेनमध्ये एकाच लिंगाचे दोन जण घ्यायची मुभा आहे, अट एवढीच की दोघांचं टायमिंग वेगवेगळं घ्यायचं. लोकांना हे माहीतच नसतं.

पण दोघं एका लेनमध्ये म्हणजे नेहमीच्या प्रॅक्टिससारखं गोल गोल पोहायचं नाही. एक जण पूर्ण वेळ डावीकडे, दुसरा पूर्ण वेळ उजवीकडे, मधल्या काळ्या रेषेवर कोणीच नाही. दोघांच्या टोप्यांचे रंग वेगळे हवेत, आम्ही लाल आणि पिवळ्या ठेवतो कारण पाण्यात त्या लांबून ओळखू येतात. स्टार्ट दोन वेळा करायचा, आधी सगळ्या लाल टोप्या, मग २० सेकंदांनी सगळ्या पिवळ्या, आणि पिवळ्यांची घड्याळं दुसऱ्या सिग्नललाच सुरू करायची. एकच घड्याळ चालवून नंतर २० सेकंद वजा करू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, दमलेल्या डोक्याने केलेली वजाबाकी चुकते आणि निकाल लागल्यावर ती शोधायला कोणालाच वेळ नसतो. हात लागला की आपोआप वेळ नोंदवणारा भिंतीवरचा टचपॅड असेल तरी पॅडला कळत नाही हात लालचा लागला की पिवळ्याचा, म्हणून अशा हीटला हातातली घड्याळं हवीतच.

हीट लावताना वय बघायचं नाही, फक्त वेळ बघायचा. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्स या पोहण्याच्या जागतिक संघटनेच्या मास्टर्समध्ये २५ वर्षांपासून पाच पाच वर्षांचे गट असतात, २५ ते २९, ३० ते ३४ असे, आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जेवढं होतं तेवढं धरतात. पण हे गट निकालासाठी. पाण्यात ७२ वर्षांच्या बाई आणि ३० वर्षांच्या बाई शेजारी शेजारी असू शकतात, असाव्यातही, दोघींचा वेळ सारखा असेल तर दोघींनाही सोबत मिळते.

मात्र एन्ट्रीमध्ये लोक जो वेळ लिहितात तो फार जपून घ्या. खोटं कोणी लिहीत नाही, पण कॉलेजातला वेळ अजून डोक्यात असतो, नाहीतर माहीतच नाही म्हणून जागा कोरी सोडतात. मी फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न टाकते, सध्या तुम्ही न थांबता १०० मीटरला किती वेळ घेता? २ मिनिटं म्हणाले तर १५०० ला ३० मिनिटं, २ मिनिटं ४० सेकंद म्हणाले तर ४० मिनिटं. लिहिलेला वेळ आणि हा हिशोब जुळला नाही की फोन करायचा, सरळ विचारायचं, लोक खुशाल खरं सांगतात. आणि हीट आदल्या रात्री छापून ठेवू नका. लांब रेसला ऐनवेळी न येणारे बरेच असतात, म्हणून रेसच्या अर्धा तास आधीपर्यंत टेबलावर येऊन नाव पक्कं करायचं, ज्यांनी केलं तेवढेच घेऊन हीट लावायच्या. यामुळे कधीकधी एक आख्खी हीट वाचते.

आता मोजणी. यावर जरा जास्त लिहिते कारण लांब रेस बिघडते ती इथेच.

माझ्या सुरुवातीच्या एका मीटमधली गोष्ट. २५ मीटरचा पूल, १५०० ला ६० लेंथ, म्हणजे ६० वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसं कमी होती म्हणून मी लेन ६ वर एकाच बाईंना घड्याळ आणि मोजणी दोन्ही दिलं होतं. त्या कागदावर प्रत्येक फेरीला, म्हणजे जाऊन येऊन ५० मीटरला, एक रेघ मारत होत्या. सातशेच्या आसपास मागून कोणीतरी पुढच्या हीटबद्दल काही विचारलं, त्यांनी मान वळवून उत्तर दिलं, परत कागदाकडे बघितलं, आता रेघ मारली होती की नव्हती? मारली. म्हणजे एकाच फेरीच्या दोन रेघा झाल्या. शेवटच्या दोन लेंथ आणि पाच मीटर उरले की स्टार्टच्या टोकाला बेल वाजवतात, ती त्यांनी एक फेरी आधी वाजवली. पाण्यातले काका साठीच्या पुढचे. बेल ऐकल्यावर त्यांनी जीव तोडून शेवटचे ५० मीटर मारले, भिंतीला हात लावला, गॉगल वर केला आणि हसले. बरोबर १४५० झाले होते. मी धावत जाऊन सांगितलं, काका अजून एक फेरी आहे, चूक आमची आहे, भिंत सोडा. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, गॉगल खाली केला आणि निघाले. फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहिलं तर बाद होत नाही, चाललं तर होतं, त्यामुळे त्यांचा निकाल धरला गेला. पण ज्या वेळेसाठी त्यांनी तयारी केली होती तो हुकला आणि तो आमच्यामुळे हुकला. मी माफी मागितली, ते चांगलं बोलले, पण त्यांचं ते हसणं मोडलेलं मला अजून दिसतं.

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. घड्याळवाला वेगळा आणि मोजणारा वेगळा, माणसं कमी असतील तर हीटमधली माणसं कमी करायची पण हे सोडायचं नाही. आणि दुसरं, रेघा मारणं बंद, वेळ लिहायची. कागदावर तीन रकाने, मीटर, चालू घड्याळातला वेळ, आणि मागच्या ओळीपासूनचा फरक. मीटरचा रकाना आधीच छापलेला, ५०, १००, १५० असा १५०० पर्यंत, २५ मीटरच्या पुलाला बरोबर ३० ओळी. पोहणारा या टोकाला भिंतीला आला की चालू वेळ लिहायचा, बस. याची गंमत अशी की रेघ चुकून दोनदा मारता येते, वेळ दोनदा लिहिता येत नाही. आणि एखादी फेरी सुटली तर लगेच दिसतं, ५८, ५९, ५८ असं चाललेलं असताना मध्येच १ मिनिट ५६ आलं तर माणूस थांबला नव्हता ना एवढंच बघायचं, नसेल तर ओळ सुटलीय, दुरुस्त करा. ५० मीटरच्या पुलाला स्टार्टच्या टोकाला १०० मीटरने एकदा हात लागतो, म्हणजे १५ च ओळी, तिथे तर आणखी जपावं लागतं कारण एक ओळ सुटली की सरळ १०० मीटरचा घोळ.

समोरच्या टोकाला आकड्यांचे बोर्ड असतात. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या पद्धतीत किती लेंथ उरल्या ते दाखवतात, काही ठिकाणी किती झाल्या ते दाखवतात. दोन्ही चालतं पण त्या दिवशी कुठलं आहे हे रेसच्या आधी प्रत्येक हीटला तोंडी सांगा, फक्त कागदावर लिहून भागत नाही. एक खूण लक्षात ठेवा, समोरच्या टोकाला आकडा कायम विषम असतो, ५९, ५७, ५५ असं करत शेवटी १. हातात सम आकडा आला म्हणजे काहीतरी चुकलं, लगेच शेजारच्या कागदावरून ताडून घ्या.

एवढी माणसं कुठून आणायची? पोहणाऱ्यांमधूनच. आमचा नियम आहे, १५०० ला नाव दिलंत की एका हीटला दुसऱ्याचं मोजायचं, पहिली हीट पोहणारे तिसरीला मोजतात, तिसरीवाले पहिलीला. सुरुवातीला लोक कुरकुरतात, नंतर हेच त्यांना आवडायला लागतं, कारण अर्धा तास एका अनोळखी माणसाचा हात न् हात बघितल्यावर तो अनोळखी राहत नाही. आणि मोजणाऱ्यांना खुर्ची द्या, प्यायला पाणी द्या. चाळीस मिनिटं भिंतीपाशी वाकून उभं राहणं साधी गोष्ट नाही.

घड्याळांचं थोडक्यात. मीटच्या आधी त्याच घड्याळावर सराव करून घ्या, मधला वेळ नोंदवणारं स्प्लिटचं बटण समजून स्टॉपचं दाबलं की ३५ मिनिटांची मेहनत गेली. एका लेनला तीन घड्याळं असतील आणि दोन जुळली तर तो वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधला वेळ, आणि त्यातली दोनच चालली तर दोघांची सरासरी. मुख्य टायमरने प्रत्येक हीटला दोन जास्तीची घड्याळं सुरू करून हातात ठेवायची, कोणाचं बंद पडलं तर त्याने हात वर करायचा.

हीटचा क्रम? मी हळू हीट आधी घेते. त्यांना मोजणी सगळ्यात जास्त वेळ लागते आणि सकाळी मोजणाऱ्यांचं डोकं ताजं असतं.

सुरक्षेबद्दल घाई करू नका. लांब रेसमध्ये माणूस बहुतेक वेळा एकदम बुडत नाही, आधी हात आखडतो, मग लेनच्या दोरीला घासायला लागतो, मग भिंतीपाशी थांबणं लांबत जातं. लाइफगार्डला हे आधी सांगून ठेवा आणि त्याला दर अर्ध्या तासाने बदला. पाणी २५ ते २८ अंशांच्या मध्ये हवं, त्याहून गरम असेल तर चाळीस मिनिटं पोहणाऱ्याला ते फार जड जातं. हृदय बंद पडलं तर शॉक देणारं एईडी मशीन कुठे आहे हे पुलाकाठच्या प्रत्येकाला माहीत हवं. आणि पोहणाऱ्यांना स्पष्ट सांगा की भिंतीला धरून दम खाल्लात तर चालतं, डाइव्ह न मारता पाण्यातून सुरुवात केलीत तरी चालतं, दोरी ओढून पुढे जायचं तेवढं नाही. मोठ्या वयातले कितीतरी जण फक्त ब्लॉकच्या, म्हणजे डाइव्ह मारायच्या उंच ओट्याच्या, भीतीने नाव देत नाहीत, हे एक वाक्य फॉर्मवर ठळक लिहिलंत तर नावं वाढतात.

फ्रीस्टाइल म्हणजे क्रॉलच हवा असंही नाही. जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी २५ मीटरच्या पुलात १५०० मीटर पूर्ण केले, १ तास १५ मिनिटं ५४.३९ सेकंद, आणि त्या बॅकस्ट्रोकने, म्हणजे पाठीवर, पोहल्या. पोहायला सुरुवात केली तीच ऐंशीच्या पुढे, गुडघ्यासाठी. मी हे वाचलं तेव्हा आधी त्यांचं कौतुक वाटलं आणि लगेच मनात आलं, सव्वा तास कोणीतरी भिंतीपाशी घड्याळ धरून उभं होतं, ६० लेंथ कोणीतरी न चुकता मोजल्या. आपण जे करतो ते हेच आहे.

आता शेवटचा पोहणारा. जे आधी येतात त्यांना रेफरी सांगेपर्यंत आपल्याच लेनमध्ये थांबू द्या, दुसऱ्यांच्या लेनमधून आडवं जाऊन शिडीकडे जायचं नाही, शेजारचा अजून रेसमध्ये असतो. माइकवर "आता एकच जण उरलाय" असं बोलू नका. पुढची हीट ब्लॉकमागे आणून रांगेत उभी करू नका, पाण्यातल्या माणसाला प्रत्येक श्वासाला त्यांचे पाय दिसतात. वेळेची मर्यादा ठेवायची असेल तर ती एन्ट्री घेताना ठेवा, पाण्यात उतरलेल्या माणसाला बाहेर काढायला वापरू नका.

मागच्या एका मीटमध्ये सत्तरीच्या एक मावशी हळू हीटमध्ये सगळ्यात शेवटी आल्या, सेहेचाळीस मिनिटांच्या पुढे. शिडीवरून वर यायला हात दिला, टॉवेल दिला, पाणी दिलं. त्यांनी निकाल विचारलाच नाही, मोजणाऱ्या मुलीच्या हातातला कागद मागितला. ओल्या बोटाने तिसही ओळी वरून खाली वाचत गेल्या आणि अकराशेच्या ओळीवर थांबल्या, तिथे फरक १ मिनिट ५२ होता, बाकी सगळीकडे दीड मिनिटाच्या आसपास. "इथे पोटरीत गोळा आला होता बघ," त्या मुलीला म्हणाल्या, आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला.