एलएसडी घेण्याआधी आतलं चाक बघा: या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी गाडी घेऊन येतं आणि पहिलाच प्रश्न टाकतं, "दादा, कुठलं एलएसडी टाकू?" डिफ, म्हणजे डिफरन्शियल, इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटतं; एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, एका चाकाची घसरण आवरणारं डिफ. मी विचारतो, "वळणातून बाहेर पडताना तुझ्या गाडीचं आतलं चाक काय करतं?" उत्तर सहसा मिळत नाही, कारण कुणी बघितलेलंच नसतं. इंजिन झालं, टर्बो झाला, आता यादीत पुढचं नाव डिफचं, एवढाच हिशोब असतो. गिअरबॉक्स उतरवून आत बसवायची महागडी वस्तू अशी घाईत घेतलेली बघितली की मला खरंच वाईट वाटतं.

साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं. वळणात आतल्या चाकावरचा भार कमी होतो, ते घसरायला लागतं, आणि त्याला जेवढा टॉर्क पेलवतो तेवढाच बाहेरच्या चाकालाही मिळतो. बाहेरचं चाक घट्ट धरून असूनही गाडी पुढे जात नाही. दुखणं जुनं आहे. १९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांची मागची चाकं अशीच फिरत राहायची आणि फर्डिनांड पोर्श यांनी त्यावर झेडएफकडून मर्यादित घसरणीचं डिफ, म्हणजेच एलएसडी, बनवून घेतलं होतं.

उचललेल्या चाकावर हेलिकल डिफ

ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोल्हापूरचा एक मुलगा जुनी दीड लिटरची सिटी व्हीटेक ट्रॅकसाठी बनवून घेऊन आला. हेलिकल डिफ बसवलेलं होतं. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन दिवस चालवून आला होता आणि वैतागला होता. "दादा, डिफच गंडलंय. आतलं चाक अजून धूर काढतंय. प्लेटवालं टाकूया." नव्या डिफची ऑर्डर द्यायचीच बाकी होती.

प्लेटच्या एलएसडीमध्ये क्लच प्लेट एकमेकींवर घासून दोन्ही चाकांना बांधतात, म्हणजे लॉक करतात. हेलिकल डिफमध्ये अशा प्लेट नसतात. तिरप्या दातांचे गिअर आपल्या जागेत दाबले जातात आणि त्यातून लॉक तयार होतो. हे डिफ गुणाकार करतं. बायस, म्हणजे किती पट, २.५ असेल आणि आतल्या चाकाला १०० न्यूटन-मीटर पेलवत असतील, तर बाहेरच्याला २५० पर्यंत मिळतात. पण आतलं चाक हवेत असेल तर शून्याला अडीचने गुणून शून्यच येतं. अशा वेळी हेलिकल जवळपास साध्या डिफसारखंच वागतं.

मी डिफला हात लावला नाही. पुढच्या खेपेला त्याला दारावर छोटा कॅमेरा लावायला सांगितला, तोंड पुढच्या आतल्या चाकाकडे. व्हिडिओ आला तो आम्ही दोघांनी गॅरेजमध्ये फोनवर हळू करून बघितला. वळणाच्या मधोमध टायरच्या खालून कडेच्या पट्ट्यांचा लाल-पांढरा रंग स्पष्ट दिसत होता. चाक जमिनीवर नव्हतंच. गाडी खाली बसवण्यासाठी आखूड स्प्रिंग टाकल्या होत्या, शॉकअपला खाली उघडायला जागा उरली नव्हती, आणि त्यावर पुढे जाडजूड अँटी-रोल बार, म्हणजे गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा. आतलं चाक उचललं जाणारच.

पुढचा बार मूळचा बसवला, मागचा जाड केला, शॉकअपला उघडायला जागा करून दिली. आता वळणात मागचं आतलं चाक उचललं जातं. पुढून चालणाऱ्या गाडीत ते चालतं, कारण त्या चाकाला ओढायचं काहीच नसतं. तेच हेलिकल, तीच सिटी, आणि धूर बंद. प्लेटच्या डिफचे पैसे वाचले. त्यातून त्याने चांगले टायर घेतले, याचा मला जास्त आनंद झाला.

चाक उचलणं टाळताच येत नसेल तर बाहेर पडताना डाव्या पायाने ब्रेक हलका धरा. त्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि बाहेरच्या चाकाला त्याच्या अडीचपट. पण ही सवय आहे, सस्पेन्शनच्या चुकीवरचा इलाज नाही.

'टू-वे म्हणजे जास्त भारी'

नाही. प्लेटच्या डिफमध्ये वन-वे फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर लॉक करतं, टू-वे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढंच, दीड-वे सोडल्यावर थोडं कमी. ड्रिफ्टचे व्हिडिओ बघून पुढून चालणाऱ्या गाडीत टू-वे मागणारे येतात. वळणात शिरताना पाय उचलला की दोन्ही चाकं सारखी फिरायला बघतात आणि गाडी सरळ जायला लागते. पुढून चालणारी गाडी असेल आणि रोज रस्त्यावरही वापरायची असेल, तर मी हेलिकलच सुचवतो. फक्त ट्रॅकची असेल तर वन-वे किंवा सौम्य दीड-वे. टू-वे मी मागून चालणाऱ्या गाडीसाठी ठेवतो, आणि तेही चालवणाऱ्याचा हात बघून.

जुनं डिफ, नवी आशा

वापरलेलं प्लेटचं डिफ स्वस्तात मिळालं म्हणून उड्या मारू नका. बसवण्याआधी प्रीलोड मोजा, म्हणजे प्लेट आधीपासून किती दाबून धरलेल्या आहेत ते. गाडीत बसलेलं असेल तर एक चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, आणि वरच्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच. चाक हलायला सुरुवात होते तो आकडा वहीत लिहा. बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापेक्षा खूप कमी आला तर प्लेट संपल्या आहेत असं धरून चाला आणि उघडून बघा.

तेल आणि धीर

दुसरी मोठी चूक तेलाची, आणि ती घाईतूनच होते. मागून चालणारी एक जर्मन सेडान आली होती. नवं प्लेटचं डिफ, बसवलं शुक्रवारी आणि शनिवारी सरळ ट्रॅकवर. पार्किंगमध्ये वळवताना कटकट आवाज येतो म्हणून कुणीतरी सांगितलं आणि त्यात फ्रिक्शन मॉडिफायर ओतलं. आवाज गेला, आणि लॉकही गेला. घर्षण कमी करण्यासाठीच ते औषध असतं. कंपनीच्या रस्त्यावरच्या प्लेट डिफला ते बऱ्याचदा लागतं, पण रेसिंगच्या प्लेटला अनेकदा नको असतं. बनवणाऱ्याने सांगितलेलं तेल सोडून दुसरं घालू नका. प्लेटवर भिनलेलं मॉडिफायर नुसतं तेल बदलून पूर्ण निघत नाही. आम्हाला सगळं उघडून प्लेट धुवाव्या लागल्या, तरी काही बदलाव्याच लागल्या.

नवीन प्लेट जुळायला वेळ द्यावा लागतो. मी रिकाम्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास आठाचे आकडे मारायला लावतो, हलका ॲक्सिलरेटर देत आणि सोडत. मग गाडी थंड होऊ देतो आणि पुन्हा तेच. त्यानंतर तेल काढतो, ड्रेन प्लगचं लोहचुंबक पांढऱ्या फडक्यावर पुसतो. राखाडी पेस्ट आली तर ठीक. चमकणारे कण बोटाला टोचले तर डिफ पुन्हा उघडायचं. पोरं म्हणतात, "एवढा वेळ कोण घालवणार?" ज्याला पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा नाही, त्याने घालवावा.

बाकीच्या, थोडक्यात

थारमधलं एमएलडी, म्हणजे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल, हे एलएसडी नव्हे. चाकांच्या वेगात मोठा फरक पडला की ते पूर्ण लॉक होतं आणि चिखलात ते उत्तम आहे. वळणात वेगाने जायला ते बनवलेलंच नाही.

ब्रेक लावून आतलं चाक थोपवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा म्हणजेही एलएसडी नव्हे. रस्त्यावर छान चालते, ट्रॅकवर पॅड तापवते. २०२० साली आपल्याकडे २०० गाड्या आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ मध्ये मात्र खरंच इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं एलएसडी होतं. आपल्या गाडीत नेमकं काय आहे ते आधी वाचा.

वेल्डिंग करून लॉक केलेलं डिफ रस्त्यावर आणू नका. यावर मी चर्चा करत नाही.

एका बाजूला नवा टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला ठेवून डिफ तपासू नका.

आणि मागून चालणाऱ्या गाडीत डिफ बदललं की क्राउन-पिनियन, म्हणजे डिफला फिरवणारी गिअरची जोडी, नव्याने जुळवावं लागतं. "जुन्याच शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) टाका, आवाज आला तर बघू," असं सांगणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा. मी दातांना रंग लावून हाताने फिरवतो, डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) मोजतो, आणि ठसा दाताच्या मध्यावर आल्याशिवाय हौसिंगचं कव्हर लावत नाही, मग संध्याकाळ होवो की दुसरा दिवस उजाडो.