जत्रेच्या नाटकाआधी तिन्हीसांजेला झाडाखाली उभे राहा

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडे जत्रा सुरू होतात. देवळासमोर दशावतारी नाटक ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मंडप, माइक, जनरेटर, चहा, कंपनीचे पेटारे ठेवायला जागा, हे सगळ्यांना येतं. मला बोलायचंय ते झाडाबद्दल.

गेल्या खेपेला मी भर दुपारी वड पाहून आलो. एक कावळा सोडला तर झाड रिकामं. म्हणून त्याच्याखालीच बाकडं मांडलं आणि फांद्यांना हॅलोजन बांधले. रात्री गरनाळ (जत्रेत उडवतात तो मोठ्या आवाजाचा बार) उडालं नि त्या ‘रिकाम्या’ झाडातून शेकड्याने बगळे उठले. उजेडाने दिपून ते अंधारात सैरावैरा उडत होते. पखवाजाच्या पुडीवर, राजाच्या भरजरी अंगरख्यावर, पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर शीट पडली. सकाळी विजेच्या तारेखाली दोन बगळे मरून पडलेले दिसले. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. गावच्या एका आजोबांनी एवढंच विचारलं, ‘तिन्हीसांजेक येवन बघलंस काय?’ नव्हतं बघितलं.

तेव्हा पहिलं काम हे: तिन्हीसांजेला जा. दुपारी नव्हे, सकाळी दहाला नव्हे. बगळे, वंचक, पाणकावळे दिवसभर मळ्यात नि खाडीत असतात आणि झोपायला झाडावर येतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी उभे राहा आणि पूर्ण काळोख होईपर्यंत हलू नका, शेवटचे थवे उशिरा उतरतात. एकदा जाऊन भागत नाही, पक्षी झाड बदलतात. आठवडाभर आधी जा, मग आदल्या संध्याकाळी पुन्हा जा. दिवसा बुंध्याशी नि खालच्या पानांवर पांढरे डाग दिसले तर समजा की रात्री वर वस्ती आहे. पण डागांवर विसंबू नका, पाऊस पडून गेला की ते धुऊन जातात. जाऊनच बघा.

वस्ती असेल तर नाटकाची जागा झाडाच्या घेराबाहेर सरकवा. पक्ष्यांना हुसकावणं हा उपाय नाही, हे कमिटीत कोणी सुचवलं तर तिथल्या तिथे थांबवा. दिवे फांदीला बांधायचे नाहीत. बांबूवर लावा, तोंड खाली करा. पेटी-पखवाजावर ताडपत्री हवीच. गरनाळ देवळापासून लांब, आणि शक्य असेल तर उजेड असतानाच, थवे उतरण्याआधी. यावरून वाद होईल, तो आधीच करून घ्या.

सभामंडपाच्या माळ्यावरून फुस्स-फुस्स आवाज आला तर साप म्हणून काठी घालू नका. गव्हाणी घुबडाची पिल्लं तसाच आवाज करतात. घुबडाला अशुभ म्हणणाऱ्यांना सांगा की ते भाताचे उंदीर खातं. घरटं वा अंडी छेडणं हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीतच मोडतं.

मार्चनंतरचं नाटक सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, असेल तर खुर्च्या टाकण्याआधी जमीन चालून बघा. टिटवी उघड्यावरच, बहुधा चार, खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तुम्ही अंड्यांजवळ आहात. भोवती दगड रचा, ती बाजू सोडा.

जखमी पक्ष्यासाठी भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. वनखात्याचा 1926 हा नंबर दोघातिघांच्या फोनमध्ये असू दे.

नाटक उजाडेपर्यंत चालतं आणि फटफटताना थवे परत उठतात, त्याआधी वाद्यं झाका. खरकटं उचला, नाहीतर कावळे आणि घारी.

आणि आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, परत एकदा झाडाखाली.