नागपुरात राहून सॉफ्टबॉल पिचरची कारकीर्द कशी घडवावी

एखाद्या मुलीचा चेंडू जरा वेगात गेला की तिला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारी खेळाडू, ठरवून मोकळे होण्याची घाई प्रशिक्षकांना असते, तशी पालकांनाही असते. शालेय स्पर्धांच्या पुढे टिकणारी पिचर मात्र वेगापेक्षा नियंत्रणावर आणि जपून वापरलेल्या खांद्यावर उभी राहते.

सुरुवात मनगटापासून करावी. पूर्ण विंडमिल (खांद्यातून हात गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याची पद्धत) फिरवण्याआधी जाळीसमोर तीन-चार मीटरवर उभे राहून केवळ मनगटाच्या झटक्याने चेंडू सोडण्याचा सराव करावा; चेंडू सुटताना हाताचा कोपराखालचा भाग कमरेला ओझरता लागला पाहिजे, कारण चेंडू सोडण्याची जागा त्यानेच पक्की होते. मग हात आणि पाऊल यांचा मेळ बसवून अंतर हळूहळू महिलांच्या स्पर्धेतील 43 फुटांपर्यंत न्यावे.

एवढ्या अंतरावरून ताशी 100 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटवर, म्हणजे बॅटर उभी असते तिथे, पोहोचतो. बॅटरला पाहून ठरवायला जवळजवळ वेळच नसल्यामुळे ती बॅट बरीचशी अंदाजाने फिरवते, आणि तो अंदाज चुकवणे हेच पिचरचे खरे काम होय. म्हणूनच फास्टबॉलनंतर चेंज-अप शिकावा: हात त्याच जोमाने फिरतो, परंतु पकड बदलल्यामुळे चेंडू संथ येतो आणि बॅट आधीच फिरून जाते. त्यानंतर ड्रॉप, म्हणजे बॅटरजवळ येताना खाली वळणारा चेंडू, शिकावा. वर चढल्यासारखा वाटणाऱ्या राइज बॉलची हौस सर्वांना असते, पण फास्टबॉल हव्या त्या कोपऱ्यात पडत नाही तोवर ती बाजूला ठेवलेली बरी.

खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही, हा समज चुकीचा आहे. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूवर मोठा ताण येतो. त्यामुळे सरावातील व सामन्यातील चेंडूंची नोंद वहीत ठेवावी, दुखणे जाणवताच थांबावे आणि संघात दुसरी पिचर तयार करण्याचा आग्रह धरावा. जपानच्या युकिको उएनो यांनी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन सामन्यांत 413 चेंडू टाकून सुवर्णपदक मिळवून दिले, ही गोष्ट सर्वजण सांगतात. मला मात्र त्या टोकियोत वयाच्या 39 व्या वर्षी पुन्हा सुवर्णपदक विजेत्या संघात होत्या, हे अधिक शिकण्यासारखे वाटते. नागपूरच्या मे महिन्यात तर सराव सकाळी सातच्या आत उरकावा आणि ऊन चढल्यावर घरीच मनगटाचा व्यायाम करावा.

खेळाइतकीच कागदपत्रेही महत्त्वाची आहेत. शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या 14, 17 आणि 19 वर्षांखालील स्पर्धांत उतरावे, तेथून विभाग व राज्य पातळी गाठावी आणि महाविद्यालयात गेल्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी द्यावी. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मात्र कोणत्या स्पर्धेतील कोणते यश कोणत्या पदासाठी ग्राह्य धरले जाते, हे चालू शासन निर्णयात वाचूनच ठरवावे. प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र हाती येताच त्यावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवून पाहावी, आणि पडताळणीचा अर्ज भरतीची जाहिरात निघण्याची वाट न पाहता विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात आधीच करून ठेवावा.