ए.ए.एस.वर बसणार असाल, तर आधी ब्लँक बघा

केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून गोव्यातल्या पाणीतपासणीच्या लॅबमध्ये लागलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून ए.ए.एस.वर, म्हणजे पाण्यातले धातू मोजणाऱ्या ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटरवर, बसायची घाई असते. बसा जरूर, पण आकडा बहुतेक वेळा मशीनवर नव्हे, त्याआधीच बिघडलेला असतो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३. या पातळीवर बाटलीला चिकटलेला जुना धातूही मोजला जातो. बाटल्या, फ्लास्क सगळं दहा टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवा, मग शुद्ध पाण्याने खळखळून धुवा. पावडरवाले ग्लोव्हज नकोत, त्यातून जस्त येतं. उन्हाळ्यात आपल्याकडे लाल धूळ उडते, त्यामुळे लोह मोजताना खिडकी बंदच हवी. प्रत्येक बॅचला ब्लँक, म्हणजे नमुन्यासारखंच तयार केलेलं नुसतं शुद्ध पाणी, लावा. त्याचा आकडा वर गेला तर नमुने थांबवा.

खरी कसोटी मांडवीच्या पाण्यात. पावसाळ्यात नदीला गोड्या पाण्याचा लोंढा असतो. एप्रिल-मेमध्ये भरतीबरोबर खारं पाणी बरंच आत येतं. फर्नेसचा, म्हणजे ए.ए.एस.मध्ये थेंब टप्प्याटप्प्याने तापवणाऱ्या ग्रॅफाइटच्या ट्यूबचा, एकच प्रोग्राम दोन्हींना लावू नये असं माझं ठाम मत आहे. मीठ धूर करतं, तो प्रकाश अडवतो आणि आकडा फसवतो. ॲशिंगचं, म्हणजे धातू मोजण्याआधी बाकीचं जाळून काढण्याच्या टप्प्याचं, तापमान चढवून मीठ घालवावं, तर कॅडमियम त्याच्या आधीच उडून जातं. नमुन्यात अमोनियम नायट्रेट घातलं की मिठातलं क्लोराइड अमोनियम क्लोराइड होऊन ४०० अंशांच्या आतच निघून जातं. शिशाला धरून ठेवायला फॉस्फेट किंवा पॅलेडियम-मॅग्नेशियमचं मॉडिफायर वापरा. मग ॲशिंग वाढवता येतं.

नवा प्रोग्राम लावला की ड्राइंगच्या, म्हणजे थेंब आटवण्याच्या, वेळी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा धरून ट्यूबमधला थेंब बघा. तो गुपचूप आटला पाहिजे. तडतडला तर नमुना भिंतीवर उडतो आणि तीन रीडिंग तीन तऱ्हेची येतात. अशा वेळी तापमान हळू चढवा. ॲटोमायझेशन, म्हणजे धातूचे अणू सुटे करणारा प्रखर तापमानाचा टप्पा, सुरू व्हायच्या आत आरसा आणि डोळे बाजूला.

शेवटी नमुन्यात ठरावीक स्टँडर्ड (धातूचं माहीत प्रमाणाचं द्रावण) घालून रिकव्हरी काढा, म्हणजे घातलेल्यापैकी किती टक्के मोजलं गेलं ते बघा. ती साधारण ८५ ते ११५ टक्क्यांत नसेल, तर रिपोर्ट सोडू नका, स्टँडर्ड ॲडिशन करा, म्हणजे नमुन्यातच वाढत्या प्रमाणात स्टँडर्ड घालून त्यावरून आकडा काढा. पण त्याने सुधारतो तो आलेखाच्या रेषेचा उतार. मिठाचा धूर तसाच राहतो, त्यासाठी मॉडिफायर आणि झीमन करेक्शनच (चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने धुराचा वाटा वजा करणं) हवं.