लाँगसोर्डचे चार पवित्रे: या चुका टाळा

लाँगसोर्ड, म्हणजे दोन्ही हातांनी धरायची लांब युरोपियन तलवार, शिकायला नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ऑक्स, फ्लूग, आल्बर, फोम टाग ही पवित्र्यांची नावं पाठ करतो, दुसऱ्या दिवशी फोटो काढतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, स्पॅरिंग (सरावाची लढत) कधी? तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पवित्रा घेऊन उभं राहणं. हो, नुसतं उभं राहणं. जुना जर्मन तलवारबाज गुरू लिश्टेनाउअर याच्या परंपरेतले हे चार पवित्रे, त्यात ऑक्स म्हणजे बैल आणि फ्लूग म्हणजे नांगर, आणि आपली पोरं खरंच पोळ्याच्या बैलासारखी सजून उभी राहतात, आता कोणीतरी ओवाळणार म्हणून. अरे बाबा, पवित्रा म्हणजे वार जिथून सुटतो किंवा जिथे संपतो ती जागा. उजव्या खांद्यावरच्या फोम टागमधून तिरका वार सोड, हात पुढे ताणलेले असताना थांबलास तर लांगोर्ट (लांब टोक), मूठ डाव्या कमरेशी येऊन टोक समोरच्याच्या तोंडाकडे राहिलं तर डावा फ्लूग. झालं, वेगळं पाठ काय करायचंय?

मी पण मार खाऊनच शिकलो. पहिल्या वर्षी उजव्या ऑक्समध्ये उभा, मूठ डोक्याशेजारी, टोक समोर, एकदम चित्रातल्यासारखा, आणि मनात काय तर येऊ दे समोरच्याला, मग बघतो. त्याने बघूच दिलं नाही. पाऊल बाजूला टाकलं, हातांची कैची केली आणि थेट माझ्या हातांवर क्रुम्पहाउ, म्हणजे वाकडा वार, जो ऑक्स फोडायलाच सांगितलाय. माझे ग्लोव्हज पातळ चामड्याचे, कारण जाडवाले महाग, "नंतर घेऊ". अंगठ्याचं नख काळंनिळं, दोन आठवडे शर्टाची बटणं बायको लावत होती आणि रोज नवा टोमणा. तेव्हापासून कुठल्याही पवित्र्यात मनात "एक, दोन" म्हणतो, दोनच्या आत वार, नाहीतर पवित्रा बदल, नाहीतर मागे. शास्त्र वगैरे काही नाही, नख वाचतं.

पाय: उजवा ऑक्स, उजवा फ्लूग, उजव्या खांद्यावरचा फोम टाग, तिन्हीत डावा पाय पुढे. रोज सांगतो.

नावांची खिचडी नको. तलवारबाजीवर जुने ग्रंथ लिहिणारे दोघे: फिओरे इटालियन, 1409 च्या आसपासचा, मायर 1570 चा जर्मन. फिओरेची पोस्ता दी फिनेस्ट्रा (त्याचा एक पवित्रा) ऑक्ससारखी दिसते म्हणून दोघांचे नियम एकाच पातेल्यात ढवळायचे नाहीत, आधी एक धड शीक.

वार अडवायचा तो मुठीजवळच्या श्टार्कने, म्हणजे पात्याच्या भक्कम भागाने. टोकाकडच्या श्वाखने, म्हणजे कमजोर भागाने, अडवलास तर तलवार बाजूला ढकलली जाते आणि वार डोक्यात.

भिंतीवरची शोभेची तलवार सरावाला आणायची नाही, चर्चा नाही.

आणि आल्बर म्हणजे येडा, त्याला हसू नका. टोक जमिनीकडे, डोकं उघडं, घाईवाला बरोब्बर तिथेच धावत येतो. मागच्या महिन्यात एकाला सलग चार वेळा असाच पकडला, तर पाचव्यांदा मास्क काढून विचारतो, दादा, स्पॅरिंगचा टाइम वाढवता येईल का?