जावाची टेस्ट १२७ च्या पुढे नेऊन बघा

जावा या प्रोग्रामिंग भाषेतलं क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स तुम्हाला येतं असं धरून चालतो. त्या व्याख्या घोकल्याशिवाय गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजात व्हायवातून सुटका नाही. खरी गोची पुढे होते. प्रोग्राम चालतो, सर मान डोलावतात, आणि वापरणाऱ्याच्या हातात गेला की हिशेब चुकतो.

माझा प्रोजेक्ट म्हणजे म्हापशातल्या एका किराणा दुकानाची उधारीची वही. शुक्रवारच्या बाजाराला गावोगावची गिऱ्हाइकं येतात. मागची बाकी किती, आज दिले किती, एवढंच सांभाळायचं. गिऱ्हाइकाचा क्रमांक इंटिजर प्रकारात (म्हणजे ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेला पूर्णांक) ठेवला, कारण लिस्ट आणि मॅपमध्ये साधा इंट, म्हणजे नुसता आकडा, चालत नाही. शोधताना दोन क्रमांक == ने जुळवले. जेयुनिट या टेस्ट चालवायच्या साधनात सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. दुकानात मात्र जुनी गिऱ्हाइकं सापडायची, नवी सापडायची नाहीत. दुकानदार म्हणाला, ‘पात्रांव, माझी वहीच बरी.’

आता हे सावकाश वाचा, दोनदा वाचलंत तरी चालेल. ऑब्जेक्टवर == लावलं की जावा किंमत बघत नाही; दोन्हीकडे तेच एक ऑब्जेक्ट आहे का, एवढंच बघतं. मग टेस्ट पास कशा झाल्या? २००४ साली जावा ५ आली तेव्हापासून इंट आपोआप इंटिजरमध्ये गुंडाळला जातो. त्यात -१२८ ते १२७ या आकड्यांची ऑब्जेक्ट्स आधीच तयार करून ठेवलेली असतात. ७ कुठूनही मागा, तोच ७ हातात येतो आणि == खरं ठरतं. १२८ मागितलात की एरवी दर वेळी नवं ऑब्जेक्ट बनतं, आणि १२८ == १२८ खोटं ठरतं! टेस्टमधली गिऱ्हाइकं होती १, २ आणि ३. दुकानातली दोनशेच्या वर. म्हणजे कोड पहिल्या दिवसापासून चुकीचा होता आणि लहान आकडे त्याला पाठीशी घालत होते. उपाय एका ओळीचा: किंमत जुळवणारी इक्वल्स मेथड वापरा, किंवा नल (किंमतच नाही) यायचा संभव नसेल तिथे क्रमांक साधा इंटच ठेवा. स्ट्रिंगचंही तेच. कोडमध्ये लिहिलेली दोन सारखी नावं == ने जुळतात, कीबोर्डवर टाइप केलेलं, जावाच्या स्कॅनर क्लासने वाचलेलं नाव जुळत नाही.

कोड थांबवून आतल्या किमती दाखवणारा डीबगरही इथे सहज चकवतो. दोन्हीकडे १२८ दिसतं आणि इफ तरी आत शिरत नाही. इंटेलिजे या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा आकड्याशेजारी @ च्या पुढे ऑब्जेक्टचा क्रमांक असतो, तो दोन्हीकडे वेगळा निघतो. नजर तिथे जायला हवी. शेकडो गिऱ्हाइकांच्या लूपमध्ये एकेक ओळ पुढे नेणारं स्टेप ओव्हर बडवत बसू नका. ब्रेकपॉइंटवर (प्रोग्राम जिथे थांबवायचा त्या खुणेवर) राइट क्लिक करून अट घाला, क्रमांक १२८ असेल तरच तो थांबेल. आणि किंमत स्क्रीनवर छापणारं सिस्टिम आउट प्रिंटलाइन? वापरा की. त्याला हसणारे सीनियर मला कधीच पटले नाहीत. पण या बगमध्ये तेही दोन्हीकडे १२८च छापतं.

सीनियरांवरून आठवलं. ‘रीस्टार्ट करून बघ’ म्हणणारा गुरू नको. ‘तुला काय अपेक्षित होतं आणि आलं काय?’ असं विचारणारा भेटला तर त्याला चहा पाजत राहा, पट्टोला भेटो की पर्वरीला. एआयला कोड चिकटवलात तर == चं इक्वल्स होऊन येईल, बगही जाईल. माझी हरकत त्याला नाही. आधी लाल, म्हणजे नापास, होणारी टेस्ट न लिहिता दुरुस्ती घेण्याला आहे. टेस्टच नसेल तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या फाइलमध्ये तोच घोळ कोणाच्या लक्षात येणार?

क्लास डिझाइनबद्दल थोडक्यात. आयडीई (इंटेलिजेसारखं सॉफ्टवेअर) एका क्लिकवर गेटर-सेटर, म्हणजे किंमत वाचायच्या आणि बदलायच्या मेथड, काढून देतं, म्हणून सगळे काढू नका. बाकीला सेटर दिलात की कोणीही कुठूनही बाकी शून्य करू शकतो. उधारी घाल आणि रक्कम भर अशा दोनच मेथड ठेवा. ऋण रक्कम आली तर तिथेच एक्सेप्शन (चुकीचा इशारा) फेका आणि ते फेकलं जातं का हे जेयुनिटच्या असर्टथ्रोजने तपासा. पैशासाठी डबल हा दशांशाचा प्रकार अजिबात नको, ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्यात नेमकी ०.३ येत नाही. दशांश नेमके ठेवणारा बिगडेसिमल घ्या, पण त्याचं इक्वल्स २.० आणि २.०० वेगळे मानतं, तिथे कंपेअरटू लावा. क्रमांकाची तुलना क्लासच्या आत एकाच जागी ठेवा. मी ती सात फाइलींत पसरली होती, एक बग सात ठिकाणी निस्तरावा लागला.

हे वाचून छाती दडपली असेल तर दडपू देऊ नका. हे सगळं एकदम येत नाही, आणि इंटरव्ह्यूला फ्रेशरकडून तशी अपेक्षाही नसते. आज फक्त प्रोजेक्टमधली एक टेस्ट उघडा, क्रमांक १२७ आणि १२८ घाला, मग चालवा. लाल झाली तर दुरुस्तीआधी ती टेस्ट गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) कमिट करा.