‘जमलं तर बघ’ म्हणजे आजच्या आज

इंग्लंडला शिकायला येताय ना? जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा, खोली बघताना भिंतीला बुरशी आहे का बघा, पूर्णवेळ विद्यार्थ्याला कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) माफ असतो. हे सगळं तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असणार, ते मी परत उगाळत नाही. ‘यू ऑलराइट?’ असं कुणी म्हटलं की तब्येतीचा अहवाल द्यायचा नसतो, हेही तुम्हाला ठाऊक असेल. मी दिला होता. लायब्ररीच्या दारात एका मुलीला माझी सर्दी, विमानातलं जेवण आणि न लागणारी झोप, सगळं क्रमानं सांगितलं. ती चालत चालत ऐकत होती, शेवटची दोन वाक्यं मी तिच्या पाठीला सांगितली. असो. असल्या गोष्टींनी काही बिघडत नाही, आठवड्याभरात हसू येतं. माझं जिथं खरोखर बिघडलं ते सांगायला बसलोय.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तीन वर्षं काढली आणि धातुशास्त्रात एमएस्सी करायला शेफिल्डला आलो. हे पोलादाचं गाव. हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली स्टेनलेस स्टील बनवलं ते इथंच. मला वाटलं, भट्टीवाल्यांचं गाव आहे, भाषा जुळेल. आमच्या फौंड्रीत काही चुकलं की फोरमन आधी शिव्या घालायचा, मग नेमकं काय चुकलं ते सांगायचा आणि मग स्वतःच्या पैशानं चहा पाजायचा. तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत उरकायच्या. चूक झाली की आवाज चढतो आणि आवाज चढला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे माझ्या हाडात भिनलेलं. याच हिशेबानं मी इंग्लंडमध्ये आठ महिने काढले.

माझे गाईड फार भले गृहस्थ. दक्षिण इंग्लंडचे, बोलणं लोण्यासारखं. जूनमध्ये मी प्रबंधाचा कच्चा मसुदा दिला. त्यांची मेल आली. मसुदा ‘क्वाइट गुड’ आहे, चौथं प्रकरण ‘इंटरेस्टिंग’ आहे आणि ‘यू माइट वाँट टू हॅव अनदर लुक ॲट इट ॲट सम पॉइंट’. मी ती मेल घरी वाचून दाखवली. आई म्हणाली, चांगले दिसतात रे सर. जुलैत भेटलो तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, चौथ्या प्रकरणातून तुला जे म्हणायचंय ते सगळं पोचतंय का, असं मला आपलं वाटून गेलं. मी म्हटलं, हो सर, पोचतंय. ऑगस्टमध्ये दारापर्यंत सोडायला आले आणि ‘जस्ट वन टायनी थिंग’ म्हणून परत चौथ्या प्रकरणाचं नाव काढलं. टायनी म्हणाले म्हणून मी दोन स्पेलिंगं दुरुस्त केली, एक आलेख मोठा केला.

प्रबंधाला ५७ मिळाले. इथली मोजपट्टी वेगळी आहे. ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. त्यामुळे ६२ वर रडू नका, घरच्यांना आधीच समजावून ठेवा. पण ५७ म्हणजे मेरिट गेलं. परीक्षकाचा सगळा राग चौथ्या प्रकरणावर होता. कडकपणाचे आकडे आणि मायक्रोस्कोपचे फोटो मी नुसते शेजारी शेजारी चिकटवले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कुठंच लिहिलं नव्हतं. गाईडकडे गेलो आणि धीर करून विचारलं, सर, तुम्ही मला स्पष्ट का नाही सांगितलं? त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. म्हणाले, ‘पण मी सांगितलं की. तीन वेळा.’

हे वाक्य पचायला मला वर्ष लागलं, म्हणून जरा फोड करून सांगतो. कंटाळा आला तरी वाचा. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या कानाला त्या तिन्ही वेळा धोक्याची घंटा वाजत होती. ‘माइट वाँट टू’ यात ‘माइट’ही नसतो आणि ‘वाँट’ही नसतो. ते ‘कर’ आहे. वरचा माणूस खालच्याला ‘कर’ म्हणाला तर इथं दोघांनाही अवघडतं, म्हणून आज्ञेवर शाल पांघरतात. ‘क्वाइट गुड’ मधल्या ‘क्वाइट’ला आपण ‘खूप’ समजतो, त्यांचा तो बहुतेक वेळा ‘बऱ्यापैकी’ असतो. म्हणजे अजून व्हायचंय. ‘इफ यू गेट अ चान्स’ म्हणजे जमलं तर बघ असं नाही, आजच्या आज बघ. आणि गोष्ट जितकी गंभीर तितका शब्द लहान होत जातो, हे तर मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. जूनमध्ये ‘अनदर लुक’ होता, ऑगस्टमध्ये त्याची ‘टायनी थिंग’ झाली. मला वाटलं अडचण लहान होत चाललीय. खरं तर त्यांची काळजी वाढत चालली होती.

एकच गोष्ट दुसऱ्यांदा निघाली की हातातलं काम टाकून ती करायची. ती कितीही हळू, कितीही हसत, दारात उभं राहून निघालेली असो.

व्हॉट्सॲपवर एक तक्ता फिरतो, इंग्रज काय म्हणतो आणि त्याचा खरा अर्थ काय. तो पाठ करू नका. मी केला आणि मग उलट्या बाजूनं आपटलो. एक प्राध्यापक बाई खरंच मनापासून ‘इंटरेस्टिंग’ म्हणाल्या, पण तक्त्यात त्याचा अर्थ वाईट, म्हणून मी आठवडाभर तोंड पाडून फिरलो. शब्दाला ठरलेलं वजन नसतं. कोण बोलतंय, कितव्यांदा बोलतंय, बोलताना तुमच्याकडे बघतंय की चहाच्या कपात, यावर ते ठरतं. मला उपयोगी पडलं ते एवढंच: भेट संपली की संध्याकाळी तीन ओळींची मेल टाकायची. ‘आज ठरल्याप्रमाणे मी चौथं प्रकरण शुक्रवारपर्यंत नव्यानं लिहितो. बाकी तसंच ठेवतो. बरोबर ना?’ लिखित ‘नव्यानं’ दिसलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि त्यांना राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. कठोर शब्द त्यांना वापरायचा नव्हता, तो तुम्ही वापरलात.

उच्चार सुधारण्याच्या क्लासला पैसे घालू नका. गांधीजी १८८८ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला आले तेव्हा त्यांनी उंच हॅट घेतली, नाच शिकायला गेले, व्हायोलिन लावलं, वक्तृत्वाचा मास्तर धरला. काही महिन्यांत सगळं सोडून दिलं. त्यांना जमलं नाही ते तुम्हाला चार व्हिडिओंत जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. माझे उच्चार अजून पंचगंगेच्या पाण्याचेच आहेत, काही अडत नाही.

आता आपल्या सीनियर मंडळींबद्दल. रागवा खुशाल. पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला स्टेशनवरून घरी आणलं, पिठलं-भात घातला, फोडणी देताना स्मोक अलार्म कसा सांभाळायचा ते दाखवलं (स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, मोहरी कमी). ते ऋण आहेच. पण सहा मराठी पोरांच्या घरात राहून मी चार महिने इंग्रजी बोललो ते फक्त दुकानाच्या काउंटरवर. आणि दोन वर्षं जुना सीनियर इथल्या माणसांबद्दल जे सांगतो, ते त्यानं स्वतः चुकीचं समजून घेतलेलं असतं. ‘गोरे तोंडावर गोड असतात, मनात वेगळं’ हे मला त्यानंच शिकवलं. वेगळं काही नसतं हो, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. विचारायचं तर लॅबमधल्या टेक्निशियनला विचारा.

आमचा टेक्निशियन पक्का यॉर्कशायरचा, म्हणजे इथलाच, साठीचा. सकाळी ‘नाऊ दॅन’ म्हणायचा, तेवढ्यात नमस्कार-चमत्कार संपला. इथले लोक स्वतःच्या रोखठोकपणाचा अभिमान बाळगतात. बसवाला मलाही ‘लव्ह’ म्हणतो. पहिल्यांदा दचकलो होतो, त्यात काही नाही. हा टेक्निशियन मला पहिले दोन महिने फार सभ्यपणे वागवत होता. एक दिवस मी भट्टीचं दार उघडं ठेवून गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाला, हा तबेल्यात जन्मला काय रे? मी घरी येऊन उदास. मग कळलं, इथं परक्याशी सभ्य वागतात आणि आपल्या माणसाची टर उडवतात. अरे, हे तर कोल्हापूर झालं! दुसऱ्या दिवशी मी त्याच्या चहाला गटाराचं पाणी म्हणालो. तेव्हापासून आमचं जमलं ते आजतागायत.

त्यानंच मला पबमधला घोळ सांगितला. मी दारू पीत नाही, संत्र्याचा रस घेऊन बसायचो. कुणी ना कुणी आणून द्यायचं, मी थँक्यू म्हणायचो आणि दहाच्या बसनं घरी. तीन शुक्रवार. चौथ्याला त्यानं बाजूला घेतलं. इथं पाळी असते. एकानं सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्यानं. तुम्ही पाणी प्या नाहीतर रस, पाळी चुकवलीत की तुम्ही फुकटे, आणि तोंडावर कुणीही बोलणार नाही. सोपं म्हणजे पहिली पाळी आपणच घ्यायची, मग बस पकडायला मोकळे. ऑफिसातल्या चहाचंही तेच, उठलात तर सगळ्यांना विचारून उठा. इथं त्या चहाला ‘ब्रू’ म्हणतात. ‘टी’ला बोलावलं तर मात्र नीट ऐका, या भागात ते संध्याकाळचं जेवण असू शकतं. साडेपाचला टीला ये म्हणून एका कुटुंबानं बोलावलं, मी आमटी-भात चेपून गेलो आणि समोर भाजलेलं मटण, बटाटे, यॉर्कशायर पुडिंग. आणि ते पुडिंग गोड नसतं. पोट फुटेपर्यंत खाल्लं, काय करणार.

‘एकदा घरी आलं पाहिजे तुम्ही’ हे तारखेशिवाय आलं तर ते आमंत्रण नाही, सदिच्छा आहे. पुण्याच्या वाचकांना हे समजावायला नको.

नोव्हेंबर-डिसेंबर वाईट जातो. चार वाजायच्या आत सूर्य बुडतो, दिवाळीचा फराळ संपलेला असतो आणि सगळे आपल्याला टाळतायत असं वाटायला लागतं. तसं नसतं. मला एका रविवारच्या चालण्यानं वाचवलं. होप व्हॅलीची गाडी पकडून हॅदरसेजला उतरायचं, तिथून स्टॅनेज एजच्या कड्यावर. इंग्रज माणूस समोरासमोर बसून मन मोकळं करत नाही, पण शेजारी चालत, दोघांची नजर चिखलावर असताना चार तासांत सगळं घर सांगतो. माझे इथले दोन खरे मित्र त्या चिखलात झाले.

आता मी एका पोलाद कंपनीत आहे. परवा नाशिकचा एक पोरगा नवीन लागला, हुशार आहे. त्याचा रिपोर्ट वाचून मी त्याला म्हटलं, छान आहे, सवड मिळाली तर शेवटच्या भागावर परत एक नजर टाकशील का? शुक्रवारी रिपोर्ट आला तसाच परत आला, फक्त आलेख मोठा केला होता. दार लावून घेतलं आणि मराठीत सांगितलं, ‘अरे बाबा, परत लिही म्हणतोय मी. अख्खा.’